एनएचएल ३.५ चुना : वेळोवेळी बदलत गेलेल्या जुन्या शेतघराला कितपत चालतो?

जुन्या शेतघराच्या दुरुस्तीसाठी गोणीतला तयार चुना घ्यायचं ठरलं की बहुतेकांच्या हाती एनएचएल ३.५ पडतो. एनएचएल म्हणजे नॅचरल हायड्रॉलिक लाइम, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होणारा चुना. आमचं मत आधीच सांगतो. दगडाच्या किंवा भाजक्या विटांच्या बाहेरच्या भिंती, दरजा (दगड-विटांमधले सांधे) भरणं आणि गिलाव्याचे खालचे थर यांसाठी हा उत्तम माल आहे. सगळ्या घराला मात्र हा एकच चुना लावू नका.

याचं कारण घरातच सापडतं. दीड-दोनशे वर्षं उभं असलेलं शेतघर सहसा एका वेळी बांधलेलं नसतं. मूळची मातीची दोन खणांची इमारत, कुटुंब वाढलं तेव्हा जोडलेली दगडी खोली, गोठ्याचं केलेलं स्वयंपाकघर, छप्पर उचलून चढवलेला माळा, विटांची मागची भिंत आणि सगळ्यात शेवटी वरून फासलेलं सिमेंट, असं एकाच छपराखाली तीन-चार बांधकामं नांदत असतात. प्रत्येकाची ताकद वेगळी, ओल शोषण्याची आणि सोडण्याची रीतही वेगळी. गोणीवरचा आकडा त्यातल्या एखाद्यालाच जुळतो.

गोणीत नेमकं काय असतं ते आधी पाहू. शुद्ध चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सियसला भाजली की कळीचा चुना मिळतो, तो पाण्यात विझवला की साधा चुना. हा साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊनच घट्ट होतो, तेही हळूहळू, बाहेरून आत. चुनखडीत मुळातच चिकणमाती आणि सिलिका असेल तर भाजताना डायकॅल्शियम सिलिकेट तयार होतं आणि ते पाण्याने घट्ट होतं. एनएचएलमध्ये दोन्ही गोष्टी असतात: पाण्याने घट्ट होणारा भाग आणि हवेने घट्ट होणारा मोकळा चुना. चिकणमाती असलेल्या चुनखडीचा चुना पाण्यातही टिकतो, हे इंग्रज अभियंता जॉन स्मीटनने १७५६च्या सुमाराला एडिस्टन दीपगृहाच्या कामासाठी केलेल्या प्रयोगांतून दाखवलं. पोर्टलँड सिमेंटचं जोसेफ अॅस्पडिनचं पेटंट १८२४चं. आजच्या सिमेंटचा क्लिंकर (दळण्याआधीचे भाजलेले खडे) साधारण १४५० अंशांना भाजतात आणि त्यात ट्रायकॅल्शियम सिलिकेट जास्त असतं, म्हणून ते झटपट आणि कडक होतं. जुन्या भिंतीला हा कडकपणाच नडतो.

आता त्या ३.५ या आकड्याकडे येऊ, कारण सर्वात जास्त गैरसमज इथेच होतो. ईएन ४५९-१ या युरोपीय मानकानुसार एनएचएलचे तीन वर्ग आहेत: २, ३.५ आणि ५. प्रमाणित नमुन्याने २८ दिवसांनी किमान किती दाब सोसला पाहिजे, त्याचा हा आकडा, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. पण वर्गाला वरची मर्यादाही असते आणि ती बरीच लांब आहे. २ चा पट्टा २ ते ७, ३.५ चा ३.५ ते १० आणि ५ चा ५ ते १५. म्हणजे ६ ताकदीचा चुना तिन्ही वर्गांत बसू शकतो. एका उत्पादकाचा ३.५ दुसऱ्याच्या ५ पेक्षा कडक निघाला तर त्यात फसवणूक नाही, मानकच तसं आहे. शिवाय ताकद २८ दिवसांवर थांबत नाही, पुढे वर्ष-दोन वर्षं ती वाढत राहते. म्हणून विकणाऱ्याकडे चाचणीचा कागद मागा आणि २८ दिवसांसोबत सहा महिन्यांचे आणि दोन वर्षांचे आकडे आहेत का, ते बघा. चांगले उत्पादक ते देतात. त्याच कागदावर मोकळ्या चुन्याचं प्रमाण शोधा. मानकानुसार ते २ मध्ये किमान ३५ टक्के, ३.५ मध्ये २५ टक्के आणि ५ मध्ये १५ टक्के असावं लागतं. मोकळा चुना जितका जास्त, तितका माल लवचीक आणि थापीखाली सुखाचा.

गोणीवर ‘एचएल’ किंवा ‘एफएल’ असं असेल तर तो वेगळा माल आहे. त्यात सिमेंट किंवा इतर पदार्थ मिसळलेले असू शकतात. ‘हायड्रॉलिक लाइम’ एवढेच शब्द पुरेसे नाहीत, त्याआधी ‘नॅचरल’ असलंच पाहिजे.

गोणी उघडण्याआधी घर वाचून घ्या. भिंतीवरून हात आणि नजर फिरवली की बदल दिसायला लागतात. दोन भिंती जिथे भेटतात तिथे दगड एकमेकांत गुंतलेले नसतील आणि सांधा वरपासून खालपर्यंत सरळ गेला असेल, तर एक बाजू नंतर जोडलेली आहे. भिंतीच्या मधोमध लाकडी छावणी (दारावरचं आडवं लाकूड) दिसते, पण खाली दार नाही, म्हणजे दार बुजवलंय. त्या भरावाचा मसाला (दगड-विटा जोडणारं कालवण) बाकीच्या भिंतीपेक्षा वेगळा असणार. तिकोनी भिंतीवर जुन्या छपराच्या उताराची तिरकी खूण राहिलेली असते. ती आजच्या छपराखाली असेल तर भिंत उंच केली आहे आणि त्या खुणेच्या वरचं बांधकाम नवं आहे. तुळईत रिकामी खाच दिसली की तिथली एखादी लाकडी भिंत काढलेली असते किंवा तुळईच दुसऱ्या इमारतीतून आणलेली असते. लाकडावर कुऱ्हाडीचे किंवा तासणीचे घाव असले तर ते हाताने घडवलेलं. वर्तुळाकार करवतीच्या कमानदार रेघा असतील तर ते बहुधा एकोणिसाव्या शतकातलं किंवा नंतरचं. खिळा चौकोनी, टोकाकडे निमुळता आणि ठोकून घडवलेला असेल तर जुना, गोल तारेचा असेल तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढचा.

प्रत्येक टप्प्याच्या भिंतीतून, नजरेआडच्या जागी, सुपारीएवढा मसाल्याचा तुकडा काढा आणि जागेचं नाव लिहून वेगळा ठेवा. तो बोटांनी चुरला जातो का, आत पांढऱ्या चुन्याच्या गाठी आहेत का, वाळू जाड आहे की बारीक, हे बघा. थोड्या चुऱ्यावर व्हिनेगर टाका. जोरात बुडबुडे आले तर चुना आहे. बुडबुडे आले नाहीत आणि पाण्यात तुकडा विरघळून गढूळ झाला तर तो मातीचा मसाला. राखाडी, टणक आणि हातोडीला खणखणीत वाजणारा असेल तर सिमेंट. एक सावधगिरी: वाळूतच शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा चुरा असेल तरीही बुडबुडे येतात, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. हे नमुने समोर मांडले की ३.५ कुठे चालेल आणि कुठे नाही, याचं निम्मं उत्तर मिळालेलं असतं. नियम एकच: नवा मसाला शेजारच्या दगडा-विटेपेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र हवा. ओल आणि क्षार बाहेर पडायला सोपी वाट शोधतात. ती वाट मसाल्यातून गेली तर झीज मसाल्याची होते, आणि तो पुन्हा भरता येतो. मसाला दगडापेक्षा घट्ट असेल तर दगडाचे पोपडे निघतात, आणि दगड पुन्हा भरता येत नाही.

बाहेरच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा असेल तर तो काढल्याशिवाय चुन्याचा खर्च करू नका. सिमेंटमागे अडकलेली ओल भिंतीतून वर चढत राहते आणि भिंतीत रुतलेल्या तुळयांच्या टोकांपर्यंत पोचते. लाकडातली ओल २० टक्क्यांवर राहिली की कुजण्याचा धोका सुरू होतो. सिमेंट निघालं तरी भिंत लगेच वाळत नाही. ढोबळ हिशेब २५ मिलिमीटर जाडीला एक महिना असा आहे, म्हणजे अर्ध्या मीटरच्या भिंतीला वीसेक महिने. तोवर आतून शेवटचा हात आणि रंग लावायची घाई नको. बाहेरची जमीन वर्षानुवर्षांच्या भरावाने आतल्या जमिनीपेक्षा उंच झाली असेल तर ती आधी उतरवा, आतल्या पातळीपेक्षा निदान १५० मिलिमीटर खाली. आत प्लास्टिकचा कागद घालून काँक्रीटची फरशी केलेली असेल, तर फरशीखालची ओल कडेने सरकून भिंतीत शिरते. ही दोन्ही दुखणी कोणत्याही चुन्याने बरी होणार नाहीत. गिलावा पडला की मग चुन्याला बोल लावला जातो.

मसाल्याचं प्रमाण. बाहेरच्या सर्वसाधारण कामाला १ भाग चुना आणि २.५ भाग वाळू, मापाने. गोणी सहसा २५ किलोची असते. ३.५ हा सिमेंटपेक्षा खूप हलका, लिटरला साधारण ६०० ते ६५० ग्रॅम, म्हणून एका गोणीत जवळपास ४० लिटर चुना निघतो. त्याला १०० लिटर वाळू. तयार मसाला १४० लिटर होईल असं वाटतं, पण चुना वाळूच्या दाण्यांमधल्या पोकळीत बसतो, म्हणून हाती साधारण १०० लिटरच येतो. १० मिलिमीटरच्या सपाट थराला १० चौरस मीटर. ओबडधोबड दगडी भिंतीत खळगे बरंच गिळतात, तिथे ६-७ चौरस मीटर धरूनच मागणी द्या. सिमेंटची सवय असलेला गवंडी वजनाच्या अंदाजाने चुना टाकतो आणि मसाल्याचं प्रमाण बिघडतं. घमेलं किंवा बादली ठरवा, काठोकाठ भरा आणि दिवसभर तेच माप ठेवा. ओली वाळू फुगते, कधी कधी पाव हिश्श्याहूनही जास्त. तेव्हा त्याच घमेल्यात वाळू कमी येते, चुना जास्त पडतो आणि तडे जातात.

काम वाळूवर ठरतं, चुन्यावर कमी. धारदार, वेगवेगळ्या आकाराच्या दाण्यांची, ४-५ मिलिमीटरपासून बारीकपर्यंतची वाळू हवी. घरी करायची परीक्षा सोपी आहे. एक लिटर कोरडी वाळू भांड्यात भरा आणि मोजून पाणी ओता. पाणी वाळूच्या बरोबरीला येईपर्यंत ३३० ते ४०० मिलिलिटर लागलं तर १ : २.५ ते १ : ३ हे प्रमाण बसतं. जास्त लागलं तर दाणे एकसारखे आहेत, पोकळी जास्त आहे. अशा वाळूत चुना वाढवण्यापेक्षा जाड-बारीक वाळू मिसळून पोकळी कमी करणं चांगलं. दुसरी परीक्षा गाळाची: बरणीत वाळू, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला मातीचा थर वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जास्त असेल तर वाळू धुऊन घ्या. समुद्राची न धुतलेली वाळू अजिबात नको, तिच्यातलं मीठ भिंतीला कायमचा लोणा लावतं.

कालवताना निम्मी वाळू आणि सगळा चुना आधी कोरडे फिरवा, मग उरलेली वाळू, मग थोडं थोडं पाणी. मिश्रण आधी चुरमुरीत दिसतं आणि पाणी कमी पडलंय असं वाटतं. तिथे हात आवरा. दहा मिनिटं फिरल्यावर तोच मसाला सैल होतो. मग पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवून, पाणी न घालता पुन्हा फिरवा. थापीवर घेऊन थापी उलटी केली तरी मसाला चिकटून राहिला पाहिजे. पाण्यात मुरवलेला साधा चुना लोण्यासारखा पसरतो, ३.५ तेवढा मऊ नाही, पण नीट फिरवला तर तक्रारीला जागा राहत नाही. कालवलेला मसाला त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी पाणी घालून उठवलेला मसाला काम देतोय असं दिसतं, पण त्याची घट्ट होण्याची साखळी तुटलेली असते.

दरजा भरायच्या आधी जुना मसाला दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, आणि निदान २५ मिलिमीटर खोल काढा. छिन्नी-हातोड्यानेच काढा. अरुंद दरजेत ग्राइंडर घातला की चाक दगडाच्या कडा खाऊन जातं आणि दरज कायमची रुंद होते. मग पोकळी झाडून, आदल्या दिवशी एकदा आणि भरण्याआधी पुन्हा एकदा पाणी मारा. भिंत ओलसर हवी, पाणी चमकता कामा नये. मसाला आत दाबून भरा, पोकळ जागा ठेवू नका. अंगठा दाबल्यावर ठसा उमटतो पण मसाला बोटाला लागत नाही, अशी अवस्था आली की राठ कुंचल्याने ठोकून पृष्ठभाग खरबरीत करा. ठोकल्याने बारीक तडे बुजतात, दाणे उघडे पडतात आणि हवा आत जायला वाट मिळते. थापीने घोटून गुळगुळीत केलेल्या दरजेवर चुन्याची साय येते आणि ती आतल्या थराला हवेपासून तोडते. जास्त घोटलेलं काम दिसायला सुबक असलं तरी आम्ही ते नापास करतो.

गिलाव्याचा एक हात १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड नको. खोल खळगे आधी दगडाच्या चिपा घालून भरा, नुसत्या मसाल्याने नाही. पहिला हात ओला असतानाच त्यावर तिरक्या रेघा ओढा, म्हणजे दुसरा हात धरतो. दोन हातांत जाडीच्या दर मिलिमीटरला एक दिवस, म्हणजे दहा-बारा दिवस धरले तर फसगत होत नाही.

यानंतरचा आठवडा सगळ्यात महत्त्वाचा. ३.५ दोन मार्गांनी घट्ट होतो आणि दोन्हींच्या गरजा उलट आहेत. सिलिकेटला पाणी हवं. ते पहिल्या काही दिवसांत उडून गेलं तर तो भाग तसाच मृत राहतो आणि बोटाने घासलं की पीठ निघतं. मोकळ्या चुन्याला हवा हवी. थर पाण्याने तुडुंब असेल तर कार्बन डायऑक्साइड आत शिरत नाही. म्हणून पहिले पाच-सात दिवस गोणपाट टांगून दिवसातून दोन-तीनदा बारीक फवारा मारा, गोणपाट भिंतीला चिकटू देऊ नका. पुढे हळूहळू वाळू द्या, अधूनमधून ओलवत राहा. ५ अंशांच्या खाली काम करू नका, ३० अंशांच्या वर ऊन आणि वारा अडवल्याशिवाय करू नका. नवा थर गोठला की आतलं पाणी फुगून तो भुसभुशीत होतो. थंड मुलखात हंगाम संपायच्या दोन-तीन महिने आधीच बाहेरचं काम आटपा. आतवर घट्ट झालंय का हे बघायचं तर छोटा तुकडा तोडून ताज्या कडेवर फिनॉल्फथॅलीनचं (अल्कधर्मी पदार्थाला लागलं की गुलाबी होणारं) द्रावण टाका. गुलाबी झालं तिथे मोकळा चुना अजून हवेची वाट बघतोय.

एक सवय मात्र मोडलीच पाहिजे. ‘लवकर धरावं म्हणून थोडं सिमेंट टाकू या’ असं म्हणत घमेल्यात मूठभर सिमेंट पडतं. स्मीटनच्याच नावाने चाललेल्या इंग्लिश हेरिटेजच्या (इंग्लंडमधली जुन्या वास्तू जपणारी संस्था) चाचण्यांत दिसलं की चुन्यात थोडंसं सिमेंट मिसळलं तर मसाला मजबूत होण्याऐवजी बिघडतो. लवकर धरायला हवं असेल तर तो गुण ३.५ मध्ये आधीच आहे.

आता जिथे हा चुना घेऊ नये ते. मातीच्या भिंतीवर ३.५ आम्ही सुचवणार नाही. माती ओलीनुसार फुगते-आकसते, वरचा थर कडक राहतो, दोघांत फट पडते आणि एक दिवस पापुद्रा आख्खा सुटतो. तिथे माती आणि तूस यांचा लेप किंवा मुरवलेला साधा चुना. मूळ घर मातीचं आणि जोडलेली खोली दगडाची असेल तर सरळ सांध्यावर मसालाही बदला. दोन रंगछटा दिसल्या तर दिसू द्या, घराचा इतिहास तसाच आहे. मऊ, भुसभुशीत दगडालाही ३.५ जड जातो, तिथे एनएचएल २ बघा. आतल्या कोरड्या भिंतींचा शेवटचा हात मुरवलेल्या चुन्याने जास्त छान बसतो. उलट चिमणीचं टोक, छपराच्या काठाचं बांधकाम, पावसाच्या माऱ्यातली जोत्याची पट्टी अशा जागांना साधा चुना पुरत नाही. तिथे ३.५ आपले पैसे वसूल करून देतो. एनएचएल ५ चा मोह फार टणक दगडावर आणि सतत भिजणाऱ्या जागीच धरा.

गिलाव्यावर प्लास्टिक इमल्शन मारलं तर आधीची सगळी मेहनत झाकली जाते. चुन्याची सफेदी पातळ करून चार-पाच हात द्या, प्रत्येक हाताआधी भिंत ओलवा. एकाच जाड हाताने पांढरं करायला गेलं की ती वाळून पावडर होते.

साठवण आणि सुरक्षितता. गोणी हवेतला दमटपणा ओढते, म्हणून लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर, प्लास्टिकखाली ठेवा आणि उत्पादनाची तारीख बघून घ्या. गाठी झालेला माल चाळून वापरू नका, त्यातलं सिलिकेट आधीच संपलेलं असतं. चुना तीव्र अल्कधर्मी आहे, डोळ्यात गेला तर इजा कायमची होऊ शकते. चष्मा आणि हातमोजे घाला, स्वच्छ पाण्याची बादली हाताशी ठेवा. मोठी मागणी देण्याआधी एकच गोणी आणा, घराच्या प्रत्येक टप्प्याच्या भिंतीवर अर्धा मीटर लांब-रुंद तुकडा लावा आणि निदान एक महिना थांबा. तडा, पोकळ आवाज, पीठ सुटणं किंवा कडेने उचललेला पापुद्रा यातलं काही दिसलं तर त्या भिंतीचा चुना वेगळा.